मागची बस

"अहो घड्याळवाले, ही बस रुग्णालयाकडे जाते का? चष्मा घरी राहिलाय माझा."

घड्याळजीने मान वर केली. त्याची टपरी बसथांब्याला चिकटून असली, तरी बसची चौकशी करणारं इतकं टवटवीत गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच दिसत होतं. कोपऱ्यावरच्या लाँड्रीतली इस्त्रीवाली. अंगाला गरम कापडाचा वास, कपाळावर पावसाने चिकटलेली बट... आणि नाकावर चष्म्याचा वळ म्हणून नाही! बारीकसारीक बघण्यावरच त्याचं पोट होतं. बाईला वाचता येत नाही, हे त्याने ओळखलं. आणि काय डोक्यात शिरलं कोण जाणे—

"ही नाही," तो म्हणाला. "मागची."

खरं तर त्या थांब्यावर येणारी प्रत्येक बस रुग्णालयाकडेच जायची. पण मागची येईपर्यंत ती टपरीच्या छपराखाली उभी राहिली. सौदा त्याला भलताच स्वस्तात पडला.

तिची आई रुग्णालयात होती, त्यामुळे ती रोज दुपारी यायची. रोज एक बस सुटायची.

"आजही चष्मा घरीच?"

"घर राखायला ठेवलाय."

"मग दाराला कुलूप कशाला लावता?"

"तुम्ही घड्याळं दुरुस्त करता की चौकशा?"

"घड्याळंच. पण तुम्ही आलात की सगळी पुढे पळतात..."

ती हसली की त्याच्या हातातला चिमटा सुटायचा.

मग ती एक दुपार आली. पाऊस भुरभुरत होता आणि बोलता बोलता ती त्याला 'अरे' म्हणून गेली. मग जीभ चावून लाजली. तेवढ्यात बस आली.

"ही नाही," तो सवयीने म्हणाला.

ती मागच्या बसने पोहोचली तेव्हा नर्स आईच्या खाटेवरची चादर काढत होती. "आत्ताच गेल्या हो. दाराकडे डोळे लावून होत्या."

हे तिनेच त्याला सांगितलं, त्याच छपराखाली, हुंदके देत. "एक बस आधीची मिळाली असती ना रे..."

वेळ चोरली घड्याळजीने आणि वसुली झाली भलत्याच माणसाकडून. खरं सांगायची छाती नव्हती, गप्प बसवत नव्हतं. शेवटी भित्र्या माणसाने मधली वाट काढली.

"मी तुला वाचायला शिकवतो."

"ह्या वयात? लाँड्रीतल्या बायका हसतील."

"हसू देत. पुन्हा कुणाला विचारायला नको."

समोरच्या दुकानांच्या पाट्यांवरून धडे सुरू झाले. ती भराभर शिकली. घरी उरलेल्या आईच्या औषधाच्या बाटल्या वाचत बसली. लाँड्रीच्या मालकाने तिला इस्त्रीवरून उठवून काउंटरवर बसवलं. तिची मान ताठ होत गेली, त्याची खाली. जोडाक्षरं तेवढी तो लांबणीवर टाकत होता. 'रुग्णालय' या शब्दात एक होतं ना!

ती तिची तीच शिकली.

"रु...ग्णा...लय!" आलेल्या बसची पाटी वाचून तिने टाळी वाजवली. "बघ, वाचता आली मला!"

मागची आली. "रुग्णालय." तिच्यामागचीही तीच. टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले.

"सगळ्याच?"

"हो."

"त्या दिवशीची?"

"...तीही. तू जरा थांबावंस म्हणून—"

तिने उचललेले हात खाली घेतले.

"मग शिकवलंस कशाला? कधी कळलं नसतं मला."

"कळावं म्हणूनच. तोंडाने सांगवेना."

"मला वाचता येत असतं ना," ती हळूच म्हणाली, "तरी तुझ्यासाठी कितीतरी बस सोडल्या असत्या. पण त्या मी सोडल्या असत्या रे. आणि ती एक... नसती सोडली."

पुढची बस येऊन थांबली. तिने पाटी वाचली, पुन्हा एकदा वाचली आणि पायरीवर पाय ठेवला.

"तिकडे आता कोण आहे तुझं?" त्याने मागून विचारलं.

"कुणी नाही, घड्याळवाले," ती वळून म्हणाली. "एकदा वेळेवर जाऊन बघते."