साठ हजारांची राखण

कॉम्प्युटर बंद पडला, म्हणून तो आला. नाहीतर कोल्हापुरात शाहूपुरीतल्या दुकानात पेंटियमची पोटं उघडून बसणारा मुलगा आणि शिवाजी पेठेतली मी... आमची गाठ पडायचं काही कारणच नव्हतं.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. आबांनी माझ्यासाठी कॉम्प्युटर घेतला होता, तोही साठ हजारांचा! हे ऐकलं की आज माझी लेक खो खो हसते. पण तेव्हा तेवढ्या पैशात बऱ्यापैकी जुनी जीप आली असती, आणि गुळाच्या व्यापारासाठी आबांना जीपच हवी होती. "जीप काय, पुढच्या साली घिऊ. संयोगिता आधी कॉम्प्युटर शिकू दे," ते म्हणाले, आणि आणखी काही वर्षं सायकलच मारत राहिले. मशीन आता माळ्यावर आहे. भंगारवाला दीडशे रुपये देतो म्हणाला, तर आबांनी त्याला चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं.

त्या वस्तूचा थाट काय सांगू! धूळ चालत नाही म्हणून खोलीबाहेर चपला काढायच्या. आबांची धाकटी बहीण, आमची तानाबाई आत्ती, घरीच असायची. तिनं मॉनिटरला क्रोशाचं पांघरूण विणलं होतं. खंडेनवमीला आबांच्या तराजूशेजारी कॉम्प्युटरचीही पूजा मांडली. आत्तीनं हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली... आणि तिला समोर फ्लॉपीची फट दिसली. दानपेटीला असते तशी. आत्तीनं हात जोडले आणि आत रुपया सोडला.

झालं. बटण दाबलं की नुसती कुरकुर, पडदा काळाच.

दोन दिवसांनी तो दारात उभा. पावसानं भिजलेला, पण हत्यारांची पिशवी शर्टाखाली धरून कोरडी राखलेली.

"चपला बाहेर," मी म्हणाले.

"पाय पण धुतो की," तो म्हणाला. डोळे बारीक करून हसायचा मेला.

त्यानं स्क्रू-ड्रायव्हर काढला, तसे आबा खुर्ची ओढून बसले. "उघडताय नव्हं? मग मी हितंच बसतो. साठ हजारांची वस्तू उघडी टाकून कुठं जायाचं?"

चिमट्यानं त्यानं रुपया बाहेर काढला आणि आमच्याकडे बघितलं. "ह्यो कुणी घातला?"

"मी," आत्ती म्हणाली. "देवाला रिकाम्या हातानं नमस्कार करू व्हय?"

तो रुपया परत द्यायला लागला, तर आत्तीनं हात मागे घेतला. "वाहिलेलं परत घेत न्हाईत. तूच ठेव, लेकरा."

तो रुपयाकडे बघून हसला. मग म्हणाला, "आजवर मला दक्षिणा कुणी दिली न्हवती, मावशी."

पावतीवर त्यानं सही केली, प्रसेनजीत कांबळे. तेव्हा कळलं तो का हसला ते. रुपया मात्र त्यानं नीट शर्टाच्या खिशात ठेवला आणि जाताना माझ्याकडे बघितलं. फार नाही, एवढंसंच. माझी रात्र खराब करायला पुरेसं.

त्यानंतर आमचा कॉम्प्युटर फारच नाजूक झाला. दर महिन्याला आजारी. प्रसेनजीत यायचा, आबा पेपर घेऊन खुर्चीत बसायचे, नजर कॉम्प्युटरवर.

"आता काय झालं?" एकदा त्यानं मला विचारलं.

"पडदा लागत न्हाय. तुम्हीच नीट केला नसंल."

तो मागे वाकला. "वायर निघालीया."

"निघाली असंल."

"आपोआप?"

"व्हय की."

"हिला दोन स्क्रू असत्यात. ते पण आपोआप फिरलं?"

मी पदर... छे, ओढणी सावरली आणि चहा आणायला पळाले. मागून त्याचं हसू ऐकू येत होतं. आबांनी पेपरचं पान उलटलं.

असं वर्ष गेलं. मी टायपिंग शिकले, हिशेब मांडायला शिकले, आणि स्क्रू असा ढिला करायला शिकले की कुणाला संशय येऊ नये. आम्ही प्रेमाचा शब्दही काढला नव्हता. काढणार कसा? त्याच्या गावाकडच्या, बिद्रीच्या घरात बुद्धाची तसबीर, आमच्या देव्हाऱ्यात जोतिबा. पेठेत याचं काय होतं ते दोघांनाही ठाऊक होतं.

मग एकदम दोन बातम्या आल्या. मला जयसिंगपूरचं स्थळ सांगून आलं, आणि त्याला पुण्यात नोकरी लागली. दसरा झाला की निघणार. दसऱ्याला त्यांच्याकडेही सण असतो, बाबासाहेबांनी दीक्षा दिली तो. तेवढा घरी करून तो जाणार होता.

मी खूप रडले. आता बोलले नाही, तर जन्मभर जयसिंगपुरात बसून आठवत राहीन, एवढं मला स्वच्छ दिसत होतं. खंडेनवमीच्या पूजेनंतर खोलीत कुणी नव्हतं. मी पांघरूण सारलं, हात जोडले आणि फटीत रुपया सोडला.

दसऱ्यानंतर तो शेवटचा आला. बाहेर परतीचा पाऊस. आबा खुर्चीत, आत्ती दारात. त्यानं झाकण काढलं, चिमटा घातला... रुपया.

"मावशी?"

"मी न्हाय बाबा," आत्ती म्हणाली. "एकदा सांगितलेलं कळतंय मला."

त्यानं माझ्याकडे बघितलं. या वेळी एवढंसं नाही... पुरतं.

"काय मागितलं?" त्यानं हळूच विचारलं.

मलाही हळूच बोलायचं होतं. पण कोल्हापुरी गळा तो. "पुण्याला मला पण न्या... असं मागितलं."

आबांनी पेपरची घडी घातली.

"वायरीला स्क्रू असत्यात, हे मला पण दिसतंय," ते म्हणाले. "वरीसभर मी कॉम्प्युटर राखत बसलोतो, असं वाटलं व्हय तुम्हास्नी?"

प्रसेनजीत उभा राहिला. चिमटा खाली ठेवला. "काका, मी कांबळे."

"पयल्या पावतीवरच वाचलंय." आबा त्याच्याकडे बघतच राहिले. "वरीसभर बघतोय. दुसऱ्याची वस्तू, पण एक स्क्रू कधी खाली पडू दिला न्हाईस. पोरीकडं बघितलंस, पण जागा सोडून पुढं आला न्हाईस." त्यांनी पेपर बाजूला ठेवला. "पेठ बोलंल. भावकी येणंजाणं तोडंल. मला सोपं न्हाय ह्ये, पोरा. पर जयसिंगपूरला काय कळवायचं, ते मी बघतो."

मी त्यांच्या पायाशी बसणार, तर त्यांनी हातानंच थांबवलं, डोळे पुसले आणि उठले. "ताने, चल. च्या टाक."

"अवो दादा, पर त्यो उघडा हाय की," आत्ती कॉम्प्युटरकडे बोट दाखवत म्हणाली.

"असू दे उघडा," आबा म्हणाले, आणि तिला पुढे घालून खोलीबाहेर गेले.