पाइपाची शिट्टी

हातोडी सणसणत ताईच्या कानाजवळून गेली आणि मागच्या कपाटाची काच खळ्ळकन फुटली.

"तुला ऐकू आली होती शिट्टी!" धाकटा भाऊ गरजला. त्याच्या डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी होती. "पाइप फाटायच्या आधी बारीक शिट्टी वाजते, हे तूच शिकवलंस ना मला? मग गप्प का राहिलीस?"

"नाही रे... देवाशपथ नाही ऐकू आली!"

"खोटारडी! पलीकडच्या खोलीतली कुजबुज बरी ऐकू येते तुला!" त्याने तिचा दंड धरून तिला भिंतीवर आदळलं. "चालती हो या घरातून!"

वडिलांच्या मागे पत्र्याचं वर्कशॉप ताईनेच सांभाळलं होतं. तिथला शिरस्ताच होता, की कॉम्प्रेसरपाशी उभं असेल त्याने रबरी पाइपाची शिट्टी कानी पडताच "बंद!" अशी आरोळी ठोकून हवा तोडायची. त्या दिवशी सकाळी धाकट्याने वेगळं व्हायचं काढलं, ताई ढसाढसा रडली, आणि दुपारी तो कानांवर आवाज अडवणारा इअरमफ चढवून पत्रा ठोकत असताना, कॉम्प्रेसरपाशी उभ्या असलेल्या ताईच्या पायाशीच पाइप शिट्टी वाजवू लागला. दुसऱ्या टोकाच्या कारागिराला ती ऐकू आली. पण तो धावत येईपर्यंत पाइप फाटून उसळला आणि त्याचं लोखंडी टोक धाकट्याच्या तोंडावर बसलं. डोळा गेला... कायमचा! आता ताईला स्वतःचीच भीती वाटू लागली होती. रागाच्या भरात आपल्याच मनाने तर ती शिट्टी दडपली नाही ना?

त्याने पुन्हा हात उगारला, तशी त्याची बायको मध्ये पडली.

"आधी मला मारा! वन्सं, मोबाइलचा चार्जर बारीक किंचाळतो म्हणून आम्ही रोज डोकं धरतो, आणि तुम्ही त्याला उशाशी घेऊन झोपता! पाइप तोंडावर बसला म्हणून उद्या यांचा कान तपासायचाच आहे, तुम्हीही चला."

दवाखान्यात नेहमीच्या तपासणीत ताईचे कान ठणठणीत निघाले.

"बघितलंत?" धाकटा तिच्या अंगावर धावून गेला. डॉक्टरांनी त्याला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि दुसरे हेडफोन काढले. त्यातून फक्त अतिशय बारीक, उंच आवाज निघत. धाकटा जवळजवळ प्रत्येक आवाजाला बटण दाबत गेला. मग ताई काचेआड बसली. बराच वेळ गेला. तिने मान वर केली.

"सुरू झालं का?"

धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"गोंगाटाचा पहिला मार बऱ्याचदा या बारीक आवाजांवरच बसतो," डॉक्टर म्हणाले. "बोलणं नीट ऐकू येतं, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. पण आतला कान झिजत चाललाय, याची ही खूण आहे. आता जपलं नाही, तर उद्या बोलणंही ऐकू येणार नाही. याचे कान मात्र शाबूत आहेत. दोघंही त्याच गोंगाटात होतात ना?"

"तेव्हा इअरमफ एकच होता," ताई ओशाळून म्हणाली. "हा एवढासा होता, डोक्यावरून घसरायचा त्याच्या. मी चिंधीने बांधून द्यायचे... पुढे मला आवाजाचं काही वाटेनासंच झालं."

धाकट्याला ती चिंधी आठवली, हनुवटीखाली टोचणारी गाठही आठवली. ज्या हाताने ताईला भिंतीवर आदळलं, तोच हात तो टेबलाच्या कडेवर आपटत सुटला... कातडी फाटली तरी थांबेना! शेवटी ताईनेच तो रक्ताळलेला हात घट्ट पोटाशी धरला.

वर्कशॉप पुन्हा उघडलं तेव्हा कॉम्प्रेसरपाशी धाकटा उभा राहिला. वेगळं व्हायची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही. त्याने नवा इअरमफ ताईच्या कानांवर चढवला, पट्टा नीट बसवला, आणि मान खाली घालून काहीतरी पुटपुटला.

ताईने एक बाजू उचलली. "काय म्हणालास?"

"चुकलो, ताई... माफ कर मला!"

"पुन्हा म्हण," डोळे पुसत ती म्हणाली. "ऐकू येतंय तोवर ऐकून घेते."