कड्यावरचं ‘बा’

बसा, सांगतो. पण मधीमधी ‘खरं का?’ म्हणून इचारायचं न्हाय, मला आवडत न्हाय ते. निजामाचं राज होतं तवाची गोष्ट, रझाकारांचा दंगा सुरू व्हायच्या आधीचा उन्हाळा. म्या, ईरण्णा आन अंबादास, आमी तिघं दोस्त नळदुर्गाबाहेरच्या डोंगरावर निघालो होतो. काम काय न्हाय, निव्वळ मौज. खाली नुसता फुफाटा, पण वर गार वारा लागायचा आन करवंदं पिकलेली असायची.

मौज आमची, औषध अंबादासचं. त्याचं लेकरू शिमग्याच्या आधी तापात गेलं. नुकतं ‘बा’ म्हणाय शिकलं होतं, तेवढा एकच शब्द. तवापास्नं गडी धड जेवंना, बोलंना. बायको अयोध्या पुन्हा पोटुशी होती. निघताना मला दारात थांबवून म्हणाली, भावजी, ह्यांना जरा हसवून माघारी आणा. म्या शब्द दिला.

आन हसला की वो! ईरण्णा पाय घसरून करवंदीच्या जाळीत बसला, धोतर काट्यात अडकलं, तवा पोट धरून हसला. वर कड्याजवळ खडकाच्या सावलीत आमी भाकरी आन शेंगाची चटणी खाल्ली. मग कोंबडा का कोंबडी खेळत करवंदं फोडली. अंबादासचं लालभडक निघालं. “कोंबडा! पोरगाच हाय बघ,” म्हणाला. लई बरं वाटलं मला.

तेवढ्यात वारा पडला. टळटळीत दुपार. होले घुमत होते, ते एकदम गप झाले. आन वास आला... वेखंडाचा, शेगडीच्या धुराचा, बाळंतिणीच्या खोलीत येतो तसला. त्या उघड्या कातळावर तो कुठनं यावा?

मग कड्याच्या पलीकडनं, जिथं नुसती पोकळी, तिथनं बारीक आवाज आला.

“बा...”

अंबादास उठला. तसला आनंद म्या कुणाच्या तोंडावर पुन्यांदा बघितला न्हाय, आन त्याचंच मला भ्या वाटलं.

“आलो रे सोन्या,” म्हणाला आन कड्याकडं चालाय लागला.

आता हितं ध्यान द्या. अंबादास बेंबळी गावचा, सासुरवाडीला येऊन राहिलेला. त्याला कानडी उमगत न्हाय. माझ्या आन ईरण्णाच्या घरात मात्र कानडीच. आमच्यात ‘बा’ म्हंजी ‘ये’. वासराला, लेकराला आमी तसंच बोलवतो. त्याला वाटलं, लेकरू बापाला हाक मारतंय. आमाला ऐकू आलं ते निराळंच... कुणीतरी बोलवत होतं.

ईरण्णानं अंबादासचं धोतर धरलं, म्या कमरेला मिठी मारली. पायाखालचे खडे कड्यावरनं खाली गेले. ते पडल्याचा आवाजच आला न्हाय.

“अंबू, तो तुझा न्हाय,” म्या म्हणालो. “ते ‘ये’ म्हणतंय...”

“सोड बसप्पा. बा म्हणतंय की रं...”

दोघांनी त्याला फरपटत उतरवला. आवाज मागनं येतच होता, चढ न्हाय, घाई न्हाय. गावची झाडं दिसली तवा थांबला. अयोध्या दारात उभी होती. तिच्या हवाली केला आन म्या सुटलो.

श्रावणात तिला पोरगा झाला. अंबादास माणसात आला. पुढच्या उन्हाळ्यात त्यानं मला मुद्दाम घरी बोलवलं, पोर बोलाय लागलंय, ऐकाय ये म्हणून.

पोर उंबऱ्यात बसलं होतं. बापाकडं बघून म्हणालं, “बा.”

अंबादासचे डोळे भरले. अयोध्या पदर तोंडाला लावून हसली. त्या घरात कानडी कुणीच बोलत न्हाय. म्याबी हसलो असतो. पण पोरानं हात पुढं केला होता. बोटं उघडत होतं, मिटत होतं, आमी वासराला बोलवतो तसं. आन बोलवत बोलवत ते मागं सरकत होतं... अंगणात, डोंगराच्या बाजूला.

घरात वेखंडाचा वास आला.

अंबादास उठला.

“आलो रे सोन्या,” म्हणाला.