फाटकाचा सवाल

दार ओढून घ्या आणि जरा जवळ सरका. सिद्रामप्पांबरोबर काय झालं ते सांगतो. आपल्याच गल्लीतला माणूस, तुमच्या आज्यांनी पाहिलेला. खोटं बोलायची सवय नव्हती त्यांना.

साल एकोणीसशे छत्तीस. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ. सिद्रामप्पा रोजच्यासारखे स्टेशनावर गेले, मुंबईच्या गाडीनं आलेलं वर्तमानपत्र काखेत मारलं आणि वाचनालयाकडे चालू लागले. हे काम त्यांना कुणी लावून दिलेलं नव्हतं. चंद्रव्वा, म्हणजे त्यांची बायको, गेल्यापासून घरात बोलायला माणूस उरलं नव्हतं. आवाज मात्र खणखणीत. म्हणून दिवेलागणीला वाचनालयात बसायचं आणि पेपर मोठ्यानं वाचायचा. गिरणीतली, मागावरची माणसं ऐकायला यायची.

सुताचे भाव, खून, कुस्त्या, इथवर बाकं भरलेली. पण सिद्रामप्पांचा जीव दिल्लीच्या असेंब्लीत. तिथं सभासदानं काय विचारलं, सरकारनं काय उत्तर दिलं, ते पानभर छापून यायचं. ते पान वाचावं त्यांनीच. सभासदाचा आवाज निराळा, सरकारचा निराळा, आणि कंसात ‘हंशा’ असं आलं की ते स्वतः हसून दाखवायचे. एवढं करूनही ते पान उघडलं की लोक टोप्या झटकत उठायचे. शेवटी सिद्रामप्पा आणि कंदील, दोघंच.

त्या थंडीत मात्र एक जण थांबायला लागला होता. खरं तर तो यायचाच सगळे गेल्यावर. डोक्यावरून घोंगडं घेतलेला धनगर. उंबऱ्याबाहेर पायरीवर बसायचा, पान संपेपर्यंत हलायचा नाही, आणि मग विचारायचा,

“आज फाटकाचा सवाल निगाला का, आप्पा?”

“कसलं फाटक?” सिद्रामप्पांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

“रुळावरचं. आमी नातेपुत्याकडनं मेंढरं घिऊन मैंदर्गीला जातो की, त्या वाटंवर रूळ आडवं हायती. तितं फाटक न्हाय. केराबाई, माजी बायकू, वकिलाकडं गेलती. वकील म्हनला, दिल्लीच्या सभेत सवाल टाकाया लावतो.”

“मग आत ये की. बाहेर लई गार हाय.”

“हितंच बरं हाय.”

सिद्रामप्पांना वाटलं, जवळपास कुठं वाडा बसवला असेल मेंढरांचा. लाजाळू माणूस. पण ऐकतो तर मन लावून! मग ते त्याच्यासाठी पायरीवर मूठभर भाजलेल्या शेंगा ठेवायला लागले. शेंगा तशाच राहायच्या. बाकीची पानं त्यांनी भराभर उरकायला सुरुवात केली होती. कधी एकदा लोक उठतात आणि तो येतो, असं त्यांना होऊन जायचं. घरी जाताना आपण गुणगुणतोय, हेसुद्धा एकदा त्यांच्या ध्यानात आलं होतं.

तर त्या संध्याकाळी वाचनालयात कुणीच आलं नाही. सगळा गाव आदल्या रात्रभर शिवरात्रीला जागलेला, दिवा लागताच आडवा झाला होता. सिद्रामप्पांनी कंदील टेबलावर ठेवला, पेपर उलगडला, आणि सरळ असेंब्लीचंच पान काढलं. मान वर केली तर पायरीवर घोंगडं होतंच.

“आलास? बस.”

प्रश्नोत्तरं सुरू झाली. टपालाचे दर. तिसऱ्या वर्गाच्या डब्यातली गर्दी. सिद्रामप्पा रंगात आले. आणि पुढच्या ओळीवर त्यांचा चेहरा उजळला.

“अरे, निघाला की तुझा सवाल! ऐक. ‘सोलापूरनजीक फाटक नसलेल्या वाटेवर गेल्या साली जो अपघात घडला, त्याची सरकारला माहिती आहे काय?’”

“व्हय,” बाहेरून आवाज आला. “त्योच.”

“‘सरकारचे उत्तर : होय. नातेपुते भागातील धुळा नावाचा धनगर...’”

सिद्रामप्पा थांबले.

पुढची ओळ त्यांना दिसत होती. डोळ्यांनी वाचून झाली होती. तोंडातून येईना.

“तुझं नाव काय रे?” त्यांनी हळूच विचारलं. इतक्या दिवसांत विचारलंच नव्हतं.

“वाचा की, आप्पा.”

“नाव...”

“धुळा.”

कंदिलाची ज्योत सरळ उभी होती. वारा नव्हता. घोंगड्याच्या आत तोंड असायला हवं, तिथं नुसता काळोख...

टाकून द्यावी ती ओळ. फाटक होणार म्हणून सांगावं. कुणाला कळणार आहे? पण आयुष्यात त्यांनी छापलेला शब्द बदलून वाचला नव्हता. आणि तो वाट बघत होता. त्यांनी वाचलं.

“‘...धुळा नावाचा धनगर व त्याची मेंढरे गाडीखाली सापडून मरण पावली. त्या ठिकाणी फाटक बांधण्याचा सरकारचा विचार नाही.’”

बाहेर काही हाललं नाही.

“‘सभासद : मेंढरांना रुळाचे नियम कोणी समजावून सांगितले होते काय? सरकार : त्यांनी तशी मागणी केली नव्हती.’”

आणि पुढचा शब्द सवयीनं निघून गेला.

“‘हंशा.’”

या खेपेला ते हसले नाहीत. नुसता शब्द पडला खोलीत.

“का हसली माणसं?”

सिद्रामप्पांनी कंदिलाची वात उगाच वर केली.

“आप्पा... का हसली?”

पेपराचा कागद वाजत होता. पळायचं तर दार एकच, आणि त्या दारात तो. पण नंतर ते सांगायचे, त्या वेळी भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. आजवर कितीदा हाच शब्द आला आणि कितीदा आपण मोठ्यानं हसून दाखवलं.

“त्यांनी तुला बघितलं नव्हतं, बाबा,” ते म्हणाले.

पायरीवरचं घोंगडं जरासं पुढं झुकलं.

“तुमी बघितलं की,” धुळा म्हणाला. मग घोंगडं हळूहळू उभं राहिलं. “येतो.”

माणूस मेलेला आहे हे सिद्रामप्पांना आता पक्कं कळलं होतं. तरी तो निघाला तसं त्यांना वाटलं, उद्यापासून पुन्हा बाकं आणि कंदील.

“बस की,” त्यांच्या तोंडून गेलं. “अजून पान शिल्लक हाय.”



त्यांनी मान वर केली नाही. बोट ओळीवर ठेवलं आणि वाचत राहिले. मिठावरचा कर. सरहद्दीवरचा खर्च. ठराव नामंजूर. कंस आला की थांबायचे, तो शब्द गिळायचे आणि पुढं जायचे. पान खालपर्यंत संपवलं. मग डोळे जमिनीकडे न नेता कंदील उचलला, कुलूप लावलं आणि घरी गेले.

सकाळी झाडलोट करणारी तानाबाई त्यांच्या दारात आली.

“आप्पा, राती वाचनालयात मेंढरं कुणी कोंडली हुती वो?”

ते तिच्याबरोबर गेले. कुलूप नीट होतं, तिनंच उघडलेलं. दिवाळीपासून सोलापुरात पावसाचा थेंब नव्हता. आणि शहाबादी फरशीवर, उंबऱ्यापासून टेबलापर्यंत, बाकांच्या मधून, बाकांच्या खालून, ओल्या काळ्या चिखलाचे बारके बारके खूर उमटले होते. टेबलाभोवती तर दाटीच झालेली.

सगळे आत आलेले. बाहेर गेलेला एकही नव्हता.