मागे घेतलेला अर्ज

"मी अर्ज मागे घेतलाच नाही," सृष्टी म्हणाली. "तरी तो घेतला गेलाय."

राहुरीच्या खासगी गुप्तहेर तमन्ना शेख यांनी तिच्यापुढे चहा सरकवला. मदतनीस गोरक्षनाथनं तो आपलाच समजून पिऊन टाकला.

सृष्टी आयर्लंडहून सुट्टीला आली होती. तिथल्या कॉलेजची फी झेपेना, म्हणून तिनं दुसऱ्या विद्यापीठात बदली आणि शिष्यवृत्ती मागितली होती. काल संध्याकाळी ऑनलाइन मुलाखत होती. दुपारी ती बाजारात गेली, लॅपटॉप घरी उघडाच राहिला आणि कुणीतरी त्यावरून अर्ज मागे घेतला. शिष्यवृत्ती गेली तर शिक्षणच बंद. घरात बिनधास्त ये-जा तिघांची.

गावच्या स्टँडवर फ्लेक्स होता. 'आमची भगिनी आयर्लंडच्या कॉलेजात!' सृष्टीचा फोटो तिकिटाएवढा, भाऊ अंगदचा दाराएवढा. खाली, सोसायटीच्या निवडणुकीत अंगददादांनाच मत.

वडील कारभारी ओसरीवर जांभया देत होते. "या आठवड्यात रानात रातचीच लाईट हाय. रातभर पानी भरायचं, दिवसा झोपायचं. लॅपटॉपला मी हात लावत न्हाई. शॉक बसतो."

"कधी बसला?"

"न्हाई. पन वाट कशाला बघायची?"

शेजारच्या मोनिकानंही तीच शिष्यवृत्ती मागितली होती. "काल दुपारभर माझीच मुलाखत चालली होती. तीन प्राध्यापक बघत होते."

अंगद फार नम्र होता. "मी दुपारभर रानात हुतो, मॅडम. मोटर लावून उसाला पानी देत हुतो. उसाला विचारा."

गोरक्षनाथ विचारायला निघाला. त्याला थांबवावं लागलं.

संध्याकाळी तमन्नानं सगळ्यांना ओसरीवर बसवलं.

"मोनिकाच," गोरक्षनाथ कुजबुजला. "तिचा फायदा."

"विद्यापीठाला विचारलं. ती खरंच मुलाखतीत होती. काकांना अजून न बसलेल्या शॉकची भीती. राहिला अंगद. दिवसा रानात लाईटच नाही, मग मोटर चालली कशावर?"

"डिझेलवर असंल," गोरक्षनाथनं मदत केली.

"मग काका रात्रभर कशाला जागतात?"

अंगद उठून चपला शोधू लागला.

"मधेच कॉलेज बदललं की पोरीला काढून टाकलं, असंच गाव म्हणणार," तमन्ना म्हणाली. "मग त्या फ्लेक्सचं काय?"

"रविवारी मतदान हाय," अंगद सृष्टीला म्हणाला. "तवर थांबली असतीस तर..."

"मुलाखत थांबणार नव्हती, दादा."

विद्यापीठ पुन्हा मुलाखत घ्यायला तयार होतं. अर्ज कुणी मागे घेतला, तेवढं कळवायचं होतं. सृष्टीनं मोबाईलवर लिहिलं, 'माझ्या भावानं.' पाठवलं आणि अंगदपुढे हात केला.

"पासपोर्ट दे."

नीट राहावा म्हणून तो तिनंच त्याच्याकडे ठेवायला दिला होता. अंगदनं कपाटातून आणून दिला. त्याच्यासमोरच तिनं एकेक पान उलटून तपासलं.