मलाबी

"मलाबी," डॉ. हेमलता उपाध्ये यांनी पडद्यावरचा शब्द पुन्हा एकदा वाचला. "तीनशे बारा मुलाखती झाल्या, आणि सगळ्यांत जास्त वेळा गिळलेला शब्द कुठला, तर मलाबी. म्हणजे मलाही. पण मलाही काय, केतकी?"

"कुणाला तरी काहीतरी मिळतंय आणि ते यांनाही हवंय, असं असेल का?" केतकी म्हणाली.

"मग ते काहीतरी आधी कुणीतरी बोलायला हवं. इथे आगापिछा नसताना नुसतं मलाबी."

इचलकरंजीतल्या एका बंद पडलेल्या सायझिंगच्या शेडमध्ये ही प्रयोगशाळा होती. एके काळी इथे सुताला खळ चढायची, आता इथे शब्द मोजले जात. केतकी मगदूम वीस वर्षांची, सहा तरुण अभ्यासकांतली एक आणि त्यांची म्होरकी. डॉ. उपाध्ये पुण्याहून आलेल्या, त्यामुळे त्यांच्यासमोर केतकीची जीभ कपडे बदलून, इस्त्री करून यायची.

कल्पना साधीच होती. गावातल्या तरुणांना काय हवंय हे आजवर साहेब लोक विचारत आले होते आणि "सगळं बरं हाय की" हे उत्तर घेऊन परत जात होते. म्हणून या वेळी तरुणांनीच तरुणांच्या घरी जाऊन विचारायचं ठरलं. प्रश्न ठरलेले बारा, त्यांचे शब्दही ठरलेले. सोबत होता अनुच्चारमापक. पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं करून त्याला 'गळपट्टी' म्हणायला सुरुवात केली.

"आपण एखादा शब्द बोलायचं ठरवतो, तेव्हा मेंदूचा निरोप घशाला आणि जिभेला आधी पोचतो," त्या पहिल्या दिवशी डॉक्टरांनी समजावलं होतं. "आयत्या वेळी आपण कच खातो, दुसरंच बोलतो. पण तोवर स्नायू केसभर हललेले असतात. ही पट्टी ते हलणं वाचते."

"म्हणजे मॅडम, आवंढा गिळला तरी कशाचा गिळला ते कळतंय ह्याला?" जुईनं विचारलं होतं.

"अगदी बरोबर."

"मग आमच्या आईच्या हाताला लागू दिऊ नका," जुई म्हणाली होती आणि सगळी शेड हसली होती. जुई तारदाळे अशीच होती. साऱ्या गटात मुलाखत घ्यावी तर तिनं. तिच्यासमोर दगडही बोलला असता.

पट्टी दोघांनीही लावायची, विचारणाऱ्यानं आणि सांगणाऱ्यानं, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्याच्या पट्टीत मिसळला तर यंत्राला तो वजा करता येई; नोंद मात्र दोघांचीही एकाच यादीत उतरे. सांगणाऱ्याला हे सगळं आधी समजावून त्याची संमती घेतली जाई. मग यंत्र नाव काढून टाकी, मुलगा की मुलगी एवढंच ठेवी आणि नावांचा साठा कुलूपबंद करी. त्या कुलपाला दोन किल्ल्या होत्या, एक डॉक्टरांकडे आणि एक केतकीच्या गळ्यात. जिवाला धोका असला तरच ते उघडायचं. आणखी एक नियम डॉक्टरांचा लाडका होता. प्रश्न एकदाच विचारायचा, कारण आग्रह करून काढलेलं उत्तर खरं नसतं. ज्या गावात तिसऱ्यांदा वाढल्याशिवाय पाहुण्याचं पोट भरलं असं कुणी मानत नाही, त्या गावात हा नियम पाळणं पोरांना जडच गेलं. पण त्यांनी तो पाळला.

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी पडद्यावरची एक ओळ लाल झाली. साडेबाराच्या सुमारास संपलेल्या एका मुलाखतीची ती शेवटची ओळ होती.

बोललेला शब्द: येतो. गिळलेला शब्द: आज जातो.

केतकी पडद्याजवळ सरकली. निघताना 'जातो' म्हणायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. 'जातो' म्हणणारा परत येत नाही, म्हणून सगळे 'येतो' म्हणतात. इथे कुणीतरी तोंडानं 'येतो' म्हणत होतं आणि घसा दुसरंच सांगत होता.

"मागच्या नोंदी शोध," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता.

यंत्रानं शोधलं. मागच्या आठ दिवसांत अशा नऊ नोंदी निघाल्या. प्रत्येक वेळी मुलाखतीच्या शेवटी, प्रत्येक वेळी 'येतो'च्या खाली. पहिल्या सहांत नुसतं 'जातो'. पुढच्या दोनांत 'आता जातो'. आणि आजच्या नोंदीत 'आज'.

"नऊ जण?" डॉक्टर खुर्चीत बसल्या. "एकमेकांना ओळखत असतील. ठरवून काही..." क्षणभरानं त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या. "थांब. यातल्या पाच नोंदी मुलींच्या आहेत. 'जातो' म्हणजे मुलगे. त्या पाच यंत्रानं चुकून धरल्यात, काढून टाक. उरले चौघे. त्यांची नावं उघडू."

"काढायच्या न्हाईत!" केतकी ओरडलीच. "मॅडम, आमच्याकडं पोरीबी जातोच म्हणत्यात. घरात मीबी तसंच बोलतो. मी आलो, मी जेवलो, मी जातो."

डॉक्टरांनी तिच्याकडे वळून पाहिलं. "माझ्यासमोर तर तू कधी असं बोलली नाहीस."

"तुमच्यासमोर न्हाई बोलत."

यावर बोलायला वेळ नव्हता. डॉक्टरांनी आपली किल्ली कुलपात घातली. "नऊच्या नऊ नावं उघडावी लागतील. विस्कटलेली नावं जुळवायला यंत्र चाळीस मिनिटं घेईल. मग पोलिसांना नऊ पत्ते देऊ. तुझी किल्ली दे."

केतकीचा हात गळ्याकडे गेला आणि तिथेच थांबला. नाव फुटणार नाही, असा शब्द तिनं घरोघर दिला होता. कुणी भावाच्या माराबद्दल सांगितलं होतं, कुणी चोरून लावलेल्या शिकवणीबद्दल. नऊ दारांत पोलिसांची गाडी उभी राहिली तर ती पोरं आयुष्यात पुन्हा कुणाला काही सांगणार नव्हती. पण जीव गेला तर शब्द पाळून तरी काय करायचं? तिनं गळ्यातला दोरा काढला. किल्ली कुलपात सरकवली. फिरवायला बोटं आवळली, आणि तेवढ्यात तिची नजर पुन्हा त्या ओळीवर गेली.

बोललेला शब्द: येतो.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "ही मुलाखत कुठं झाली?"

"सगळ्या मुलाखती होतात तिथेच. सांगणाऱ्याच्या घरी."

"मग तो कुठं निघालाय?"

"म्हणजे?"

"आपल्या घरात बसून 'येतो' कोण म्हणतंय? घरातला माणूस 'ये' म्हणतोय. 'येतो' म्हणतोय तो निघणारा."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्या स्वतःशीच बोलू लागल्या. "कुठलं वाक्य कुणाचं, हे यंत्रानं ओळखायचं कसं? मीच सोपा नियम घालून दिला होता. बारा प्रश्न ठरलेले आहेत. त्यांच्याशी जुळेल ते विचारणाऱ्याचं. बाकी सगळं उत्तर, म्हणजे सांगणाऱ्याचं. प्रश्न नाही ते उत्तर." त्यांनी कपाळावर हात मारला. "विचारणाऱ्यालाही स्वतःचं काही बोलायचं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही गं."

"म्हणजे नऊ जण न्हाईत," केतकी म्हणाली. "एकच हाय. नऊ घरांतनं निघालेला."

आता कुठलंच कुलूप उघडायची गरज नव्हती. नोंदींवर तारखा आणि वेळा होत्या, आणि कोण कधी कुठे जाणार याचा तक्ता समोरच्या भिंतीवर खडूनं लिहिलेला होता. डॉक्टर वेळ वाचत गेल्या आणि केतकी तक्त्यावर बोट ठेवत गेली. नऊच्या नऊ वेळा एकच नाव होतं.

जुई.

काल संध्याकाळी याच शेडमध्ये ती सगळ्यांच्या नकला करून दाखवत होती. जाताना आपली पाण्याची बाटली तिनं केतकीला देऊन टाकली होती, "तुला आवडती न्हवं, ठेव" म्हणून. आणि केतकीनं हसत हसत घेतली होती.

फोन लागत होता, उचलला जात नव्हता. तक्त्यावर जुईची आजची शेवटची मुलाखत तीन वाजताची होती, एका मागाच्या कारखान्याच्या आवारातल्या घरी. आता तीन पंचवीस झाले होते.

"मी जातो," केतकी म्हणाली, आणि शब्द तोंडातून निघताच तिनं जीभ चावली. "येतो. येतो, मॅडम."

"मी समुपदेशकांना घेऊन मागोमाग पोचते. तिला एकटीला सोडू नकोस."

स्कूटर कशी चालवली हे केतकीला नंतर कधीच आठवलं नाही. कारखान्याच्या दारात ती पोचली तेव्हा आत मागांचा खडखडाट चालू होता आणि जुई बाहेर पडत होती. आतल्या कुणाला तरी ती हात हलवून हसत होती. गळ्याला पट्टी तशीच होती. मागे वळली तसं तिचं हसू विझलं, आणि ती शेडच्या नाही, स्वतःच्या घराच्याही नाही, नदीच्या वाटेला लागली.

"जुई!"

जुई दचकली. हसू लगेच परत आलं. "तू हितं कशी गं?"

"चल, च्या पिऊ."

"नको गं. उशीर झालाय."

"चल की."

"नको म्हटलं की."

"मी विचारत न्हाई तुला. चल." केतकीनं तिचा हात धरला आणि कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यापाशी बाकावर नेऊन बसवलं. हात सोडला नाही.

"काय झालंय तुला?"

"कुठं काय. काय न्हाई."

नियमाप्रमाणे मुलाखत इथे संपली असती. उत्तर मिळालं होतं, नोंद झाली असती: काही नाही.

"काय झालंय, जुई?"

"अगं खरंच काय न्हाई. दमलोय जरा."

"काय झालंय?"

जुईनं तोंड फिरवलं. मागांचा आवाज येत राहिला. चहावाल्यानं दोन कप आणून ठेवले आणि पोरींचे चेहरे बघून तो शहाण्यासारखा लांब जाऊन उभा राहिला.

"तुला कुणी सांगितलं?" जुईनं विचारलं.

"तुझ्या गळ्यानं."

जुईचा हात पट्टीकडे गेला. मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते थांबेना. "दोन महिनं झोप न्हाई गं मला," ती म्हणाली. "रोज चार घरांत जातो, चौघांचं ऐकतो. समदे म्हणत्यात, जुई, तुला सांगितलं, लई हलकं वाटलं. मग मी घरी येतो आणि भिंतीकडं बघत बसतो. मी कुणाला सांगू? प्रश्न बाराच हायत, आणि तेबी माझ्याच हातात. मला कोण विचारणार?"

"मी विचारतोय न्हवं?" केतकी म्हणाली. तीही रडत होती.

डॉक्टरांची गाडी येईपर्यंत दोघी तिथेच बसून होत्या. चहा निवून गेला. जुई गाडीत बसली, तेव्हा केतकी तिच्या शेजारी बसली, आणि इस्पितळात रात्रीपर्यंत तिच्या उशाशी राहिली.

नियमातली चूक दुरुस्त करून यंत्र पुन्हा चालवायला डॉक्टरांना तीन आठवडे लागले. या वेळी कुठला घसा कुणाचा हे पट्टीवरून ठरलं, प्रश्नांवरून नाही. निकाल आला तेव्हा डॉक्टरांनी केतकीला बोलावून घेतलं आणि पडदा तिच्याकडे वळवला.

'मलाबी' हा शब्द गावातल्या तीनशे बारा तरुणांच्या यादीत कुठेच वर नव्हता. त्यांच्या घशांत तो चार-पाच वेळाच निघाला. बाकीचे सगळे 'मलाबी' सहा जणांचे होते, आणि ते सहा जण विचारणारे होते.

"प्रश्न सातवा," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "मनातलं सांगायला तुला कुणी आहे का? समोरचा म्हणतो, मला कुणी नाही. आणि ऐकणाऱ्याचा घसा हलतो. मलाबी. गावातल्या तरुणांना काय हवंय हे शोधायला मी सहा तरुण पाठवले, आणि ते सहाही त्याच गावातले आहेत हे मीच विसरले."

केतकी यादी वाचत होती. जुईचे एकोणीस. बाकी चौघांचे दहा-बारा. सगळ्यांत वरचं नाव तिनं दोनदा वाचलं. केतकी मगदूम, एकतीस. तिला त्यातला एकही आठवत नव्हता.

मागे दार वाजलं. जुई आली होती. गोळ्या चालू होत्या, चेहरा ओढलेला होता, पण रोज दोन तास शेडमध्ये येऊन बसायला इस्पितळातल्या डॉक्टरांनी परवानगी दिली होती. तिनं पडद्याकडे पाहिलं, मग केतकीकडे. खुर्ची ओढून ती समोर बसली. पट्टीचा डबा उघडा होता, त्याला तिनं हात लावला नाही.

"मनातलं सांगायला तुला कुणी हाय का?" तिनं विचारलं.

"तसं काही नाही गं, मी ठीक आहे," केतकी डॉक्टरांकडे बघत म्हणाली.

"हाय का?"

"खरंच काही नाही."

"केतकी, हाय का?"

केतकीनं आवंढा गिळला. पुढचा गिळला जाईना.

"सांगतो," ती म्हणाली.