दोन बोटं केक

लग्नाच्या हॉलच्या दारात आमची गाठ पडली, ती टेपमुळे. मी अलीकडून दाराची रुंदी मोजत होते, तो पलीकडून. दोन्ही टेपची टोकं एकमेकांवर आपटली, मी दचकून हात सोडला आणि माझी टेप सर्रकन माझ्याच बोटावर येऊन बसली.

"लागलं?"

"नाही," मी बोट तोंडात घालून म्हणाले.

"दार कशाला मोजताय?"

"केक आत येईल ना, ते बघतेय. तुम्ही?"

"केकचं टेबल आत येईल ना, ते."

तो हसला. नवरीचा मोठा भाऊ. फर्निचर बनवायचा, आणि बहिणीच्या केकचं टेबलही स्वतःच करत होता. मला मात्र हसू फुटेना. एक तर मी जन्माची भित्री... आणि त्या दिवसांत तर पाचावर धारण बसली होती.

केकचं दुकान मावशीचं. तिच्या हाताखाली मी सगळं शिकले, पण लग्नाचा केक एकटीने कधी केला नव्हता. आणि नेमकी आत्ताच मावशी स्टुलावरून पडली, मनगट प्लास्टरमध्ये. "हा केक तू कर," ती म्हणाली. "नीट पार पडला तर दुकान तुझं. फजिती झाली तर ओव्हन विकून मी मोकळी. माझ्याच्याने आता होत नाही गं." केक जरा कोरडा झाला तर लोक विसरतात. पण कमी पडला, तर रिकामी बशी घेऊन उभा राहिलेला पाहुणा ते जन्मभर सांगत फिरतो, असं ती नेहमी बजावायची.

पाहुण्यांचा आकडा सांगायला तो दुकानात आला.

"दोनशे."

"नक्की?"

"आईचे दोनशे. माझे मित्र वेगळे... आणि आत्या कधीच एकटी येत नाही."

"अहो, मला एक काय तो आकडा द्या!" माझा आवाज चिरकला.

"रागावलात?"

"घाबरले."

"मग दोनशे चाळीस धरा. त्यात तुम्हीही आलात."

"मी माझा केक खात नाही."

"का? स्वतःवर भरवसा नाही?"

त्याची नजर माझ्यावरून काही हलेना. मी उगाच रिकामी चाळणी झटकत राहिले.

मावशीच्या दुकानात हिशेब एकच — माणशी दोन बोटं रुंद तुकडा. इंच आणि ग्रॅमची भानगडच नाही. मी दोन बोटं टेबलावर टेकवत टेकवत तीन मजली केकचं माप काढलं. मग विचारलं, "कापणार कोण?" कारण एरवी मावशी कापायची, आणि चारचौघांत माझे हात लटपटतात.

"मी कापीन. बहिणीचं लग्न आहे, पाहुण्यांना मीच देणार. किती रुंद?"

"दोन बोटं."

"एवढंच ना!"

त्यानंतर तो येतच राहिला. कधी टेबलाची उंची विचारायला, कधी रंग. विचारायचं काही उरलं नाही, तेव्हा जुनेच प्रश्न पुन्हा विचारू लागला. मला आवडायचं ते. आवडायचं म्हणून तर धाकधूक व्हायची... लग्न झालं की टेबल संपलं, केक संपला. मग हा कशाला फिरकेल इकडे?

लग्नाच्या दिवशी केक दारातून सुखरूप आत आला. नवरा-नवरीने पहिली सुरी फिरवली, टाळ्या झाल्या. मग त्याने बाह्या सरसावल्या, केकवर दोन बोटं ठेवली आणि कापला.

त्याची दोन बोटं! रंधा मारून मारून अशी जाडजूड झालेली, की माझी तीनही तिथे आरामात मावली असती. इतके दिवस मी ते हात चोरून बघत होते. त्यांचं माप घ्यायचं मात्र सुचलं नाही.

खालचा मजला बघता बघता संपत आला. रांग अजून दाराबाहेर.

"अहो... पातळ कापा," मी कुजबुजले.

"का?"

"कमी पडेल."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबा गेल्यापासून मला हीच भीती आहे," तो पुटपुटला. "कुणी म्हणायला नको, बाप नाही म्हणून भावाने हात आखडता घेतला. म्हणून तर मोठे मोठे..." सुरी केकवर तशीच अडली.

माझ्याहून जास्त घाबरलेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. मी माझी दोन बोटं केकवर ठेवली आणि दुसऱ्या हाताने त्याची मूठ धरली.

"इथे. माझ्या बोटाला लागून."

"बोट कापलं तर?"

"तर कापलं."

हे मी कशी बोलले, देव जाणे. एक तुकडा, बशी, पुढचा तुकडा... मधला मजला संपला. आत्या खरंच फौज घेऊन आली.

"हात गार पडलेत तुमचे," तो कानाशी म्हणाला.

"तुमचेही."

"पुरेल?"

"माहीत नाही... बोलू नका ना."

शेवटचा तुकडा फोटोग्राफरला गेला. मी डोळे मिटून श्वास सोडला आणि उघडते तो समोर त्याची आई, हातात रिकामी बशी. नवरीची आईच उपाशी!

"काकू... संपला," माझ्या तोंडून कसंबसं निघालं.

"संपू दे. मला गोड बंद आहे," ती म्हणाली. "माझ्या लेकाचा हात मघापासून कोण धरून बसलंय, ते जवळून बघायला आले." तिने मला नीट न्याहाळलं, बशी टेबलावर ठेवली आणि हसत निघून गेली.

मी खाली बघितलं. सुरी केव्हाच बाजूला पडली होती. त्याची मूठ मात्र अजून माझ्या हातात होती.

"पुरला," तो म्हणाला.

"पुरला."

दुकान माझं झालं होतं. धावत जाऊन मावशीला फोन करायला हवा होता... पण पाय हलेनात.

"आता दुकानात यायला मला निमित्त नाही," तो म्हणाला. "असाच आलो तर?"

"सगळे बघतायत."

"मग हात सोडू?"

"मला भीती वाटते."

"आता कशाची?"

"तुम्ही खरंच सोडाल... त्याची."